तीन मजली केक आणि आप्पांचा मेन बोर्ड

आप्पांच्या घरात कोणालाही काहीही चालू करायचं असलं तर आधी ओरडावं लागे. हे ओरडणं भांडणाचं नव्हतं, परवानगीचं होतं. बाथरूमच्या दारातून हाक यायची, "गिझर सोडू का?" पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलेले आप्पा वर्तमानपत्रातून मान वर न करता भिंतीवरच्या मेन बोर्डाकडे कान लावत आणि म्हणत, "सोड." मग स्वयंपाकघरातून, "मिक्सर?" "थांब, गिझर मार्गावर आहे." आतल्या खोलीतून चिरंजीव, "आप्पा, इस्त्री?" "मिक्सरच्या मागे लाव. आणि आधी फ्रिजला जाऊ दे." बाहेरचा पाहुणा दारातच थबकायचा. आपण घरात आलोय की डेपोत, हे त्याला कळायचं नाही.

डेपो म्हणायला हरकत नव्हती. आप्पांची उभी हयात बस डेपोत कंट्रोलर म्हणून गेली होती. कुठली गाडी कधी सोडायची, कुठली रोखायची, कुठल्या ड्रायव्हरचं तोंड आज वाकडं आहे, हे त्यांना फाटकातूनच कळे. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्यांना शाल दिली आणि शिट्टी परत मागितली. आप्पांनी शाल परत केली आणि शिट्टी ठेवून घेतली. तेव्हापासून घरातल्या विजेची वाहतूक त्यांच्याकडे होती. विजेची टंचाई वगैरे काही नसते, असते ती फक्त बेशिस्त, असं त्यांचं ठाम मत होतं.

बोर्डाबद्दल सांगायचं तर तो घराइतकाच जुना होता. लाकडी फळी, वर चिनी मातीचे फ्यूज, आणि खाली पुढे कधीतरी जोडलेलं एक काळं बटण, जे जास्त ओझं आलं की आपोआप खाली पडे. बोर्डाला काही सवयी होत्या. तो गुणगुणायचा. आप्पा म्हणत, "इंजिन चालू असल्यावर आवाज येणारच. आवाज बंद झाला की काळजी करा." मिक्सर लागला की घरातले सगळे दिवे मान टाकायचे. "चढ लागला की गाडी जरा दमते." बोर्ड कायम कोमट असायचा. त्याच्या वरच्या फळीवर शेजारच्यांची मांजर दुपारभर झोपायला यायची आणि आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवत. "मुकं जनावर आहे, धोका असता तर झोपलं असतं का?" बोर्डाखाली भिंतीवर एक तपकिरी डाग पडला होता. आप्पांच्या पत्नीने, म्हणजे माईंनी, त्यावर कॅलेंडर लावलं होतं. डाग कॅलेंडरच्या खालून डोकावू लागला तेव्हा त्यांनी मोठं कॅलेंडर लावलं. या घरात दुरुस्ती म्हणतात ती अशी चालायची.

आणि मग सूनबाईंनी ओव्हन आणला.

साधासुधा नव्हे, चांगला पोटभर ओव्हन. सूनबाईंच्या हाताला केकची चव होती आणि बऱ्याच जणांच्या वाढदिवसांना फुकट केक करून झाल्यावर तिला पहिली खरी ऑर्डर मिळाली होती. दातांच्या डॉक्टरांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस रविवारी संध्याकाळी होता आणि त्यांना तीन मजली केक हवा होता. दातांच्या डॉक्टरांनी पन्नास माणसांना केक खाऊ घालावा, यातला व्यवहार आप्पांच्या लगेच लक्षात आला. पण त्यांना वेगळंच काहीतरी लागलं होतं. सूनबाई म्हणाली होती, "आप्पा, रविवारी ओव्हन सकाळपासून चालणार आहे बरं का."

चालणार आहे! "चालवू का" नाही. आप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, ते उलटं उलटलं.

बुधवारी संध्याकाळी ओव्हनची चाचणी झाली. सूनबाईने बटण दाबलं, पॅसेजमध्ये "फट्" झालं आणि घर अंधारात गेलं. अंधारातून आप्पांचा समाधानी आवाज आला, "विचारायला हवं होतं." त्यांनी काळं बटण वर केलं. ते पडलं. पुन्हा वर केलं, पुन्हा पडलं. उद्धट कंडक्टर सरळ कसा करायचा हे आप्पांना ठाऊक होतं. त्यांनी नाडी आणली, बटण वर करून ते खिळ्याला करकचून बांधलं आणि म्हणाले, "आता पड म्हणावं."

ओव्हन लागला. घर पुन्हा अंधारात गेलं. शेजारचे औषधवाले, ज्यांचं चौकात औषधांचं दुकान होतं, टॉर्च घेऊन आले. टॉर्चच्या उजेडात सगळ्यांनी पाहिलं तर बटण नाडीत ताठ वरच होतं.

"बटण वर आहे," आप्पा म्हणाले.

"पण लाइट नाही आप्पासाहेब," औषधवाले म्हणाले.

"बटण वर आहे म्हणजे लाइट आहे."

"आप्पा, ते आतल्या आत पडतं," चिरंजीव हळूच म्हणाले. "बाहेरून बांधून काही होत नाही."

टॉर्च बोर्डावर होता. आप्पांनी बाकीच्या मिट्ट अंधारात सगळ्यांकडे आळीपाळीने रोखून पाहिलं. ते कोणाला दिसलं नाही, हे एका परीने बरंच झालं. औषधवाल्यांनी मग सल्ला दिला की बोर्डाला जरा विश्रांती द्यावी, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर थोडं थोडं ओझं द्यावं आणि फरक पडला नाही तर मात्र दाखवून घ्यावं. हा सल्ला ते दुकानात खोकल्यालाही देत.

दाखवून घ्यायला गुरुवारी वायरमन आला. तो निम्मा वेळ फोनवर असायचा आणि उरलेल्या वेळात तोंडाने "च्च च्च" करायचा. त्याने आधी कॅलेंडर उचललं आणि "च्च च्च" केलं. मग मांजर उचलली. मग बोर्डाला उलटा हात लावला.

"हा कोमट आहे."

"कायम असतो," आप्पा अभिमानाने म्हणाले.

"कोमट नसतो हो बोर्ड. कोमट चहासुद्धा कोणी पीत नाही, तुम्ही बोर्ड कोमट ठेवलाय." त्याने पुढचं झाकण काढलं आणि आतली एक वायर चिमटीत धरली. तिच्यावरचं आवरण बिस्किटासारखं तुटून खाली पडलं. "हे काय आहे?"

"वायर."

"होती," वायरमन म्हणाला. "आप्पा, नुसता गुणगुणला असता तरी मी बदला म्हटलं असतं. नुसता गरम झाला असता तरी म्हटलं असतं. दिवे मान टाकतायत, बटण पडतंय, भिंत भाजलीय. तुमच्याकडे पूर्ण सेटच आहे. बघायला दुसऱ्या वायरमनना घेऊन येऊ का?"

आप्पा तोडीस तोड उत्तर देणार होते. दोन-तीन चांगली उत्तरं तयारही होती. पण उघड्या बोर्डातून एक वास आला आणि ती तोंडातच राहिली. तो वास ते ओळखत होते. डेपोच्या फाटकात भरलेल्या गाडीतून हा वास आला की आप्पा जिथल्या तिथे शिट्टी मारत. ड्रायव्हर हाता-पाया पडे, "साहेब, एवढी एकच फेरी जाऊ द्या." प्रवासी शिव्या देत. आप्पांनी एकही गाडी कधी जाऊ दिली नाही. आणि इथे, स्वतःच्या पॅसेजमध्ये, बायकामुलं घेऊन ही गाडी बिनबोभाट चालली होती.

"बदला," आप्पा म्हणाले. घरातल्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

वायरमन खूश झाला. "आता बघा, प्रत्येक खोलीची वेगळी लाइन देतो. ओव्हन, गिझर, इस्त्री, सगळं एकदम लावा. कोणाला काही विचारायची गरजच नाही!"

खरी कळ होती ती इथे. आगीची भीती आप्पांना पटली होती, पण हे वाक्य त्यांना पचेना. डेपो सुटला तेव्हा शिट्टी तरी हातात होती. आता या घरात त्यांना विचारण्यासारखं उरणार काय? चिरंजीव कमावत होते, घराचा व्यवहार माई बघत होत्या, नवं काय घ्यायचं ते सूनबाई ठरवत होती. आप्पांकडे होता तो हा एक बोर्ड.

"बोर्ड बदलल्यावर मी दिवसभर करू काय?" रात्री जेवताना त्यांनी माईंना विचारलं.

"पेपर वाचा," माई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एक बातमी तुम्ही शेवटपर्यंत वाचलेली नाही."

बोर्ड बदलायचा तर आधी वीज कार्यालयाने बाहेरून पुरवठा बंद करायला हवा होता. आप्पा शनिवारी सकाळी खिडकीवर हजर झाले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "जुना बोर्ड चालू आहे का?"

"आहे."

"मग बदलताय कशाला?"

"बिघडलाय म्हणून."

"बिघडला असेल तर चालू कसा?"

"चालू आहे, पण चालण्यासारखा नाही."

बाई विचारात पडल्या. अशा अवस्थेसाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता. "असं बघा काका, चालू असेल तर बदलाच्या रांगेत जाईल, त्याला दोन आठवडे. बंद असेल तर आधी बंद का पडला ते लिहून आणा."

आता आप्पांनी गोड बोलून सोमवारची वेळ मागून घ्यायची होती. पण कंट्रोलरला रांगेतून हटवलं की त्याचं डोकं फिरतं. आप्पांनी खिडकीवर हात आपटला. "अहो बाई, धोकादायक आहे तो! कधी पेट घेईल सांगता येत नाही!"

बाईंचा चेहराच बदलला. "धोकादायक? मग आधी नाही का सांगायचं!" त्यांनी एक लाल शिक्का काढला, एक फोन केला, आणि ज्या कार्यालयात बदलाला दोन आठवडे लागतात तिथून पुरवठा तोडणारी माणसं निघायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आप्पा घरी पोचेपर्यंत ती जिना उतरत होती.

"कोणी तक्रार केली हो?" खाली उभे असलेले सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना विचारत होते. "असला दुष्ट माणूस कोण आमच्या इमारतीत?"

"मी," आप्पा म्हणाले.

नियम असा होता की धोका सांगितला की पुरवठा तोडायचा तो ताबडतोब. नवा बोर्ड बसवून त्याची तपासणी झाली की मग जोडायचा, आणि तपासणीची माणसं येणार सोमवारी. रविवार या हिशेबात कुठेच नव्हता. केक मात्र रविवारीच होता.

सूनबाई बाजारातून मैदा, लोणी आणि अंडी घेऊन आली तेव्हा घरात पंखा थांबलेला, फ्रिज गप्प आणि सासरे पॅसेजमध्ये उभे होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मैद्याच्या पिशवीवरच बसली. "आप्पा, माझी पहिली ऑर्डर होती हो," एवढंच म्हणाली. डोळे भरले होते, पण अंडी हातात असल्यामुळे तिला पुसताही येईनात.

नुसतं हळहळत बसणं आप्पांना जमत नसे. त्यांनी अंड्यांची पिशवी आपल्या हातात घेतली, घसा साफ केला आणि जुन्या आवाजात म्हणाले, "गाडी बंद पडली म्हणून प्रवासी रस्त्यावर सोडून द्यायचे नसतात. मागच्या गाडीत बसवून द्यायचे असतात. इमारतीत ओव्हन किती?"

इमारतीत ओव्हन निघाले तीन. शेजारी औषधवाले, वरच्या मजल्यावर गाण्याच्या क्लासच्या बाई आणि खाली सेक्रेटरी. केकचे मजलेही तीन. आप्पांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तेज आलं.

रविवारी सकाळी ते जिन्याच्या मधल्या वळणावर शिट्टी घेऊन उभे राहिले. ओव्हन लावण्याआधी त्यांनी तिन्ही घरांची पाहणी केली आणि प्रत्येकाच्या बोर्डाला उलटा हात लावला. आता ते या विषयातले जाणकार होते. जाणकारी गुरुवारपासूनची होती, पण कडक होती. सेक्रेटरींचा बोर्ड कोमट निघाला. शिवाय गुणगुणत होता.

"ही गाडी फेरीवर जाणार नाही," आप्पा म्हणाले.

"आप्पासाहेब, मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे!"

"असाल. पण बोर्ड बदला. तोवर तुमच्याकडे फक्त फ्रिज."

सेक्रेटरी फुगून आत गेले आणि आतून स्वतःच्या बोर्डाला गुपचूप हात लावताना सगळ्यांना दिसले.

उरले दोन ओव्हन. खालचा सगळ्यात मोठा मजला औषधवाल्यांकडे सुटला. औषधवाल्यांना धीर धरवेना, ते दर थोड्या वेळाने ओव्हनचं दार उघडून केकचा ताप बघत, त्यामुळे केक मधोमध बसला. वरचा मजला गाण्याच्या बाईंकडे गेला, पण त्यांच्या ओव्हनचं दार सैल होतं, तेव्हा बाई खुर्ची लावून दाराला पाठ टेकून बसल्या आणि तिथूनच त्यांनी क्लास घेतला. केक रचायचाही त्यांच्याच घरी होता. "खालचा मजला तयार!" अशी खालून हाक येई, वरून आप्पांची शिट्टी, मग चिरंजीव भांडं घेऊन जिना चढत आणि आप्पा बजावत, "कठड्याच्या बाजूने! वळणावर दम घे!" मधला मजला औषधवाल्यांकडे दुसऱ्या फेरीत बसवला, आणि आप्पांनी औषधवाल्यांना ओव्हनपासून दोन हात लांब उभं केलं.

याच वेळी आप्पांच्या पॅसेजमध्ये वायरमन नवा बोर्ड बसवत होता. जुना बोर्ड काढल्यावर भिंतीला जे भगदाड पडलं ते बुजवायला त्याने खाली अंगणात पांढरं प्लास्टर कालवलं होतं. सूनबाईने औषधवाल्यांकडे केकवर लावायला पांढरंशुभ्र क्रीम केलं होतं, घट्ट, पिठीसाखरेचं. दोन्ही पदार्थ दोन सारख्या पांढऱ्या भांड्यांत होते, आणि दोन्ही भांडी जिन्यातून जाणार म्हणजे आप्पांच्या ताब्यातून जाणार होती. "क्रीम वरच्या मजल्यावर! प्लास्टर पॅसेजमध्ये!" आप्पांनी दोनदा शिट्टी मारून दोन्ही भांडी मार्गस्थ केली. सबंध नोकरीत त्यांनी एकही गाडी चुकीच्या मार्गावर पाठवली नव्हती, असं ते नेहमी सांगत. आता तसं सांगता येणार नाही.

"हे इतक्यात घट्ट कसं झालं?" वरून सूनबाईचा आवाज आला. तिने भांड्यात सुरी घातली होती आणि सुरी उभी राहिली होती. पॅसेजमधून त्याच क्षणी वायरमन खूश होऊन म्हणत होता, "काय माल आहे आप्पा! लोण्यासारखा लागतोय भिंतीला!"

आप्पा जिन्यातल्या वळणावर मटकन खाली बसले. माईंनी पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला बोट लावलं, बोट चाटलं आणि पदर तोंडाला लावून जमिनीवर बसल्या. त्यांना हसू आवरेना. वरून सूनबाई धावत आली, तिने भिंत पाहिली, वायरमनची पांढरी बोटं पाहिली, चोरासारखे बसलेले सासरे पाहिले आणि तीही माईंच्या शेजारी बसून हसत सुटली. शेवटी वायरमन बोट चाटून म्हणाला, "चव चांगली आहे, पण वाळणार नाही."

क्रीम पुन्हा केलं. पिठीसाखर औषधवाल्यांनी दिली, लोणी सेक्रेटरींच्या फ्रिजमधून आलं, मिक्सर गाण्याच्या बाईंनी फिरवला. बसलेल्या मजल्यात क्रीम जरा जास्त भरलं आणि त्यावर फुलं काढली. ज्यांच्यावर आप्पांनी बंदी घातली होती त्या सेक्रेटरींनीच आपली गाडी काढली. मागच्या सीटवर केक, केकच्या एका बाजूला सूनबाई, दुसऱ्या बाजूला आप्पा. आप्पा सबंध रस्ताभर खड्डा आला की श्वास रोखत. दातांच्या डॉक्टरांनी केक पाहिला, खाल्ला, आणि जाताना आपल्या मेहुणीसाठी पुढच्या महिन्याची ऑर्डर दिली.

सोमवारी दुपारी तपासणीची माणसं आली, त्यांनी भिंतीवरच्या मुंग्यांबद्दल एक प्रश्न विचारला, माईंनी पदर तोंडाला लावला, आणि त्यांनी पुरवठा जोडून दिला.

घरात एकदम जीव आला. फ्रिज सुरू झाला, पंखे फिरले, सूनबाईने ओव्हन लावला, लावता लावता मिक्सरही लावला. चिरंजीव इस्त्री करत होते. दिव्यांनी मान टाकली नाही. नवा बोर्ड आवाज करत नव्हता, गरम होत नव्हता, त्याला काहीच होत नव्हतं. आणि कोणी कोणाला हाक मारली नाही. आप्पा खुर्चीत बसले होते, समोर वर्तमानपत्र होतं. त्यांनी पहिली बातमी शेवटपर्यंत वाचली. ती तितकीशी चांगली नव्हती. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि हे सांगणार कोणाला, म्हणून आणखी वाईट वाटत होतं.

तेवढ्यात बाथरूममधून गाणं ऐकू आलं.

आप्पांना आधी वाटलं वरचा क्लास भरलाय. मग आवाज ओळखीचा वाटला. माई आंघोळ करत होत्या, आणि गात होत्या. पाण्याचा आवाज संपेना, गाणंही संपेना. एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं. माई गातात हे आप्पा विसरून गेले होते. इतकी वर्षं त्यांच्या अंगावर दोन तांबे पडले न पडले तोच पॅसेजमधून हाक जायची, गिझर आवरा, मिक्सर खोळंबलाय. त्या बाईने एकदाही कुरकुर केली नव्हती. कोमट पाण्यात, अर्ध्या आंघोळीत, "आवरलं हो" म्हणत त्या बाहेर यायच्या. आप्पांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं.

खांद्यावर टॉवेल टाकून, मैद्याने माखलेले हात पुढे धरून सूनबाई बाथरूमपर्यंत आली, दार बंद बघून थबकली आणि सवयीने पॅसेजकडे वळली. "आप्पा, माईंना अजून किती वेळ लागेल हो?"

सबंध दिवसात घरातल्या कोणीतरी आप्पांना विचारलेला तो पहिला प्रश्न होता. त्यांनी कान लावून ऐकलं. आत तिसरं कडवं सुरू झालं होतं आणि गरम पाणी जोरात पडत होतं.

"तू बेसिनवर हात धू," आप्पा म्हणाले. "ती गाडी विनाथांबा आहे."